आधी नाक, मग जीभ

लिस्बन, 12 ऑक्टोबर 2025

ती. ताई,
सा. न.

कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. टपालाने येईपर्यंत तुळशीचं लग्न होऊन जाईल. तू दिवाळीपर्यंत माहेरी, ढवळीलाच आहेस असं आई म्हणाली, तेव्हा वाचून झालं की सावंतवाडीला भावोजींनाही पाठव. फोनवर मी बोलायला लागलो की मागे मिक्सर तरी सुरू होतो, नाहीतर चिनू तरी फोन हिसकावतो. आणि विषय चिनूच्या घोरण्याचाच आहे.

चवथीची पहिली रात्र आठव. घुमटांचे मातीचे ढोल बडवत चाललेली आरती संपायला बारा वाजले, मग वसरीत गाद्या घालून सगळे आडवे झालो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला चिनू. सकाळी काका म्हणाले, "आरती थांबली, पण घुमटं काही थांबली नाहीत." सगळे हसले. "मामावर गेलाय" म्हणून तूही हसलीस. मीही हसलो, पण माझं हसू खोटं होतं. पहाटे तीनला मी जागाच होतो. पोराचं तोंड उघडं, मान मागे टाकलेली, उशी घामाने ओली. मध्येच आवाज बंद व्हायचा, छाती नुसती ओढली जायची आणि मग हिसका देऊन श्वास यायचा. सात वर्षांच्या मुलाचं हे घोरणं थट्टेवारी नेण्यासारखं नाही, ताई.

मला हे कळतं, कारण जूनमध्ये माझीच झोपेची चाचणी झाली. तुम्हाला सांगितलं नव्हतं; आई उगाच नवस बोलली असती. झोपेत श्वास अडण्याचे प्रसंग तासाला किती, ते त्यात मोजतात. मोठ्या माणसात पाचपर्यंत चालतं, पंधराच्या वर गेलं की मध्यम आणि तिसाच्या वर गंभीर. माझे 19 निघाले. लहान मुलांत मात्र तासाला एकाहून जास्त असले तरी डॉक्टर लक्ष घालतात. म्हणजे चिनूला माझं माप लावायचं नाही.

रात्री हवेचा दाब देणारं यंत्र मला मिळालं आणि ते मी लावतो. तोंडावर मास्क चढवला की हत्तीसारखा दिसतो, ही बायकोची प्रतिक्रिया. त्याच्या जोडीला जिभेचे नि ओठांचे व्यायाम शिकायला डॉक्टरांनी एका स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. ती ब्राझीलची. तिच्या देशात हे शास्त्र चांगलंच रुजलेलं आहे. नवजात बाळाच्या जिभेखालचा पडदा तपासणं तिथे 2014 पासून कायद्याने सक्तीचं आहे. मुळात कल्पना जुनी: दात सरळ करायचे तर चेहऱ्याच्या स्नायूंनाही व्यायाम द्या, असं अल्फ्रेड रॉजर्स या अमेरिकन दंतवैद्याने 1918 मध्येच लिहून ठेवलं होतं.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "आत्ता, गप्प असताना, तुमची जीभ कुठे आहे?" बेचाळीस वर्षं तोंडात वागवलेल्या वस्तूचा पत्ता मला सांगता येईना! खाली, दातांच्या मागे पडलेली होती. ती हवी वर. 'ना' म्हणताना टोक जिथे टेकतं साधारण तिथे, पण दातांना न ढकलता, आणि मागचा भागही टाळूला चिकटलेला. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून किंचित सुटे, श्वास नाकाने. झोपेत स्नायू ढिले पडतात, जीभ मागे सरकते आणि घशातली वाट अरुंद होते. व्यायामाने ते स्नायू जरा भक्कम होतात. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. सतत उघड्या तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाची जीभ खालीच राहते आणि वरचा जबडा अरुंद, टाळू उंच होण्याची शक्यता वाढते. चिनूचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत ते नुसतं आपल्या घराण्याचं देणं नसेल.

व्यायाम ऐकायला पोरखेळ वाटतात. अख्खी जीभ टाळूला चोखून धरायची आणि टांगेवाल्याच्या घोड्यासारखी 'टॉक' करून सोडायची. जीभ तशीच चिकटवून ठेवून तोंड उघडायचं, मिटायचं. बोट गालात आतून लावून बाहेर दाबायचं आणि गालाने ते आत ढकलायचं. 'आ' आधी तोडून तोडून, मग लांबवत म्हणायचा, म्हणजे पडजीभ वर उचलली जाते. शर्टाच्या मोठ्या बटणाला दोरा बांधून ते ओठांच्या आत धरायचं आणि दोरा ओढायचा. हे चिनूला फार आवडेल, पण बटण गिळू नये म्हणून दोरा कोणीतरी मोठ्याने धरलेला हवा. मी ट्रॅममध्ये टाळू चोखत बसतो. एकदा समोरच्या म्हातारीने जागा बदलली.

उपयोग होतो का? ब्राझीलच्या साव पावलोत 2009 मध्ये मध्यम त्रास असलेल्या 31 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना रोज अर्धा तास असे व्यायाम दिले. तीन महिन्यांत त्यांचे तासाचे प्रसंग सरासरी 22.4 वरून 13.7 वर आले. आकडा मोठाच आहे, पण 13.7 म्हणजे बरं झालं असं नाही. अभ्यास छोटे आहेत, मुलांवरचे तर फारच थोडे, आणि व्यायाम सोडला की फायदा ओसरतो. माझी पुढची चाचणी जानेवारीत. तोवर बायकोचं प्रमाणपत्र एवढंच की, "आता भिंतीपलीकडे ऐकू जात नाही."

बाबांना सांग, यंदा जयपूरच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. तीस रुग्णांतल्या सोळा जणांना सहा महिने शंख फुंकायला लावला, आणि त्यांचे तासाला सरासरी चार-पाच प्रसंग कमी झाले. बाबा लगेच कॉलर ताठ करतील. पण ते मोठ्या माणसांचं झालं. चिनूच्या हातात शंख देऊन मोकळं होऊ नका.

कारण त्याचं नाकच बंद असेल तर जीभ वर लावून तो श्वास घेणार कुठून? या वयात नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी मोठ्या असू शकतात, टॉन्सिल असतील, ॲलर्जी असेल. म्हणून आधी नाक, मग जीभ. तो क्लिनिकवाला तुला म्हणाला ना, "ऑपरेशन लागणारच नाही, चाळीस हजारांत जबडाही सरळ होईल आणि घोरणंही जाईल"? घसा न बघता, झोपेची चौकशी न करता पॅकेज सांगणाऱ्याकडे परत जाऊ नकोस. बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या कान-नाक-घसा विभागाची तारीख मिळाली आहे ती चुकवू नको. सावंतवाडीहून माणसं पहाटेच्या गाडीने तिथे येतात, तू तर तासाभरावर आहेस. रात्री तो झोपल्यावर मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेव. शर्ट वर करून, छाती दिसेल असा. अंथरूण ओलं होतं का, शाळेत पेंगतो का, तेही न लाजता सांग. ग्रंथी काढल्या तरी तोंड उघडं ठेवायची सवय कधीकधी मागे राहते. व्यायामांचं खरं काम तिथे आहे. तेव्हा स्पीच थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेलाच बघ.

आणि तोंडाला चिकटपट्टी लावून झोपवायचं जे खूळ मोबाइलवर फिरतंय, ते घरात आणू नका. बंद नाकाच्या मुलाचं तोंडही बंद करणं मला भयंकर वाटतं.

आईला एवढंच सांग, की दिवसातून पन्नासदा "तोंड धांप रे" म्हणून ओरडणं बंद करायचं. पोर मुद्दाम करत नाही. लहानपणी मी तेच ऐकत होतो आणि तेव्हाही नाक बंदच असायचं.

वाडीतला नरकासुर यंदा किती उंच झालाय त्याचा फोटो चिनूला पाठवायला सांग. मागच्या वर्षी त्याची जीभ लाल कागदाची होती आणि पावसात गळून पडली होती. फोव खाताना माझी आठवण काढा.

तुझा,
बाळू