तालुक्याच्या गावातील कायरोप्रॅक्टिक केंद्र : स्वागत आहे, पण आधी शिक्षण दाखवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दिवाळीनंतर एक कायरोप्रॅक्टिक केंद्र, म्हणजे मणक्याला व सांध्यांना हाताने दाब किंवा झटका देऊन उपचार करणारे केंद्र, सुरू झाले आहे. औषध, इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया यांच्याशिवाय मान, पाठ, कंबर व गुडघे यांची दुखणी बरी केली जातील असे फलकावर लिहिलेले आहे आणि दारात सकाळपासून माणसे बसलेली असतात. गावात यावरून दोन तट पडले आहेत. एकाला हा चमत्कार वाटतो, तर दुसऱ्याला शुद्ध भोंदूगिरी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे ग्रामीण रुग्णालयात नोकरी करून निवृत्त झालेला वैद्यकीय अधिकारी या नात्याने मला या दोन्ही तटांशी सहमत होता येत नाही. कोणत्या रुग्णाला हात लावायचा नाही हे कळणे, यातच लहान गावात असे केंद्र उघडणाऱ्याची खरी परीक्षा असते. आणि ते त्याला कोणी शिकवले आहे की नाही, हे तपासणारी कोणतीही व्यवस्था आज आपल्याकडे नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

आधी गर्दीविषयी. आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेली जोडपी पहाटेपासून वाकून ऊस तोडतात, मोळ्या बांधतात आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात. बाजार समितीत हमाल दिवसभर पोती वाहतात, बायका उकिडव्या बसून खुरपणी करतात आणि तरुण पोरे खड्ड्यांच्या रस्त्यांवरून मोटारसायकलवर रोज कारखाना गाठतात. अशा तालुक्यात कंबर न दुखणारा प्रौढ माणूस शोधावा लागेल. त्याच्यासाठी आम्ही डॉक्टरांनी काय ठेवले आहे? डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या, एक कंबरपट्टा आणि ‘जड उचलू नका’ हा सल्ला, जो हमालाला देताना आपल्यालाच संकोच वाटावा. फिजिओथेरपिस्ट ग्रामीण रुग्णालयात नाही, अस्थिरोगतज्ज्ञ आठवड्यातून ठरलेल्या वारी येतात आणि एमआरआय करायचा तर सोलापूर गाठावे लागते. मग जो माणसाला पालथा झोपवून, कुठे दुखते ते हाताने चाचपून, वीस मिनिटे त्याच्याशी बोलतो, त्याच्याकडे लोक गेले तर त्यात लोकांचा दोष काय? बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत रुग्णाच्या पाठीला हात लावायला आम्हाला वेळ मिळत नाही, हे मान्य करूनच या विषयावर बोलले पाहिजे.

शिवाय झटका देऊन दुखणे घालवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घेण्याची रीत अजून पुष्कळ गावांत चालते. निखळलेला सांधा बसवणारे हाडवैद्य पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत, आणि केशकर्तनालयात दाढी झाल्यावर मान दोन्ही बाजूंना कडकन मोडून घेणारे गिऱ्हाईक मोठ्या शहरातही सापडते. नवे आहे ते परदेशी नाव, त्यासोबत येणारी फी आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती. त्या चित्रफितींत मणक्याचा कट असा आवाज येतो आणि वेदनेने वाकलेला माणूस हसत उठतो. तो आवाज जागेवरून सरकलेला मणका परत बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवावरचा दाब एकदम कमी होऊन त्यात वायूची पोकळी तयार होते, त्या वेळी तो येतो, आणि आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला असे समजायला आधार नाही.

ज्या देशातून ही पद्धत आली, तिथे ती लहान गावांत कशी रुजली हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्ट शहरात, डी. डी. पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करीत असत. सप्टेंबर 1895 मध्ये त्यांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीच्या मणक्यावर दाब दिला आणि त्याचे बहिरेपण त्यामुळे कमी झाले असा दावा केला. मणका किंचित सरकल्याने मज्जातंतूंचा प्रवाह अडतो आणि त्यातून बहुतेक सगळे रोग होतात, हा त्यांचा सिद्धांत शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकलेला नाही. बहिरेपणाची गोष्ट तर आज त्या व्यवसायातले शहाणे लोकही पुढे करीत नाहीत. तरीही 1897 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शाळेतून बाहेर पडलेले लोक मध्य-पश्चिमेकडील शेतकरी वस्त्यांत जाऊन बसले आणि टिकले, कारण कमरेचे दुखणे घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला थोडा आराम मिळत होता आणि हा माणूस त्याला तिथल्या तिथे भेटत होता. आजच्या आमच्या तालुक्याहून ती परिस्थिती फार वेगळी नव्हती.

पण पुढची कहाणी आपण नेमकी विसरतो. परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल खुद्द पामर यांना 1906 मध्ये तुरुंगात जावे लागले. कायरोप्रॅक्टरना परवाना देणारा पहिला कायदा 1913 मध्ये कॅन्सास राज्याने केला आणि शेवटचे राज्य, लुइझियाना, त्यासाठी 1974 पर्यंत थांबले. म्हणजे एका देशाला सगळ्या राज्यांत हा व्यवसाय कायद्याच्या चौकटीत आणायला सहा दशके लागली. डॉक्टरांच्या संघटनेने या लोकांवर घातलेला बहिष्कार बेकायदा असल्याचा निकाल 1987 मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने दिला, तेव्हा स्पर्धा संपवण्यासाठी केलेला विरोध आणि रुग्णहितासाठी केलेला विरोध यांतला फरकही नोंदला गेला. आमच्या वैद्यकीय संघटनांनी तो निकाल लक्षात ठेवावा असे मला वाटते. आज तिथल्या एखाद्या खेड्यात कायरोप्रॅक्टर केंद्र उघडतो तेव्हा त्याने महाविद्यालयात कित्येक वर्षे शिक्षण घेतलेले असते, राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षा दिलेल्या असतात आणि राज्याचा परवाना भिंतीवर लावलेला असतो. तो चुकला तर कोणाकडे तक्रार करायची हे रुग्णाला ठाऊक असते. आपल्याकडे फक्त फलक आला आहे, त्यामागची ही सगळी व्यवस्था आलेली नाही.

उपचाराचा उपयोग होतो का, या प्रश्नाचे उत्तर माझ्या काही सहकाऱ्यांना आवडणार नाही. प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीविषयी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णशिक्षण आणि व्यायाम यांच्याबरोबरच मणक्यावर हाताने केलेले उपचार व मसाज यांचाही समावेश आहे. उलट ज्या कंबरपट्ट्यांची आणि ट्रॅक्शनची (म्हणजे कंबर ताणून धरण्याच्या उपचाराची) शिफारस आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो, ते उपचार देऊ नयेत असे त्याच सूचना सांगतात. मात्र हा लाभ कंबरदुखीपुरता आणि बेताचा आहे. मधुमेह, दमा, पोटाचे विकार किंवा मुलांचे अंथरूण ओले करणे यांच्याशी त्याचा संबंध जोडणारा फलक दिसला, तर तिथून माघारी फिरावे. आणखी एक गोष्ट रुग्णांनी ध्यानात ठेवावी. नव्याने उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप कमी होते, त्यामुळे त्या काळात ज्याने कोणी काही केले असेल त्याच्या पदरात श्रेय पडते, मग तो पायाळू असो, आम्ही असू किंवा हे केंद्र असो.

माझी खरी काळजी उरलेल्या थोड्या रुग्णांविषयी आहे, आणि इथे आयोवाचे खेडे आणि आमचा तालुका यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आपल्याकडे क्षयरोग आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि हाडा-सांध्यांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा क्षय मणक्यात होतो. अशा रुग्णाला खोकला असेलच असे नाही आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो. सुरुवातीला पाठीचा एक्स-रेही काही दाखवत नाही. रुग्ण फक्त एवढेच सांगतो की पाठ दोन-तीन महिने दुखते आहे, रात्री अधिक दुखते, भूक लागत नाही, संध्याकाळी अंग कोमट वाटते. हे प्रश्न कोणी विचारले तरच तो सांगतो. क्षयाने पोखरलेल्या मणक्याला जोराचा झटका बसला, तर तो मणका खचून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो आणि चालत आलेला माणूस पायांतली शक्ती गमावून बसू शकतो. वेळीच निदान झाले तर हाच आजार बहुतेक रुग्णांत शासकीय केंद्रातून मोफत मिळणाऱ्या गोळ्यांनी बरा होतो. नोकरीच्या काळात मी असे रुग्ण पाहिले आहेत. त्यांतले कितीतरी जण आमच्याकडे येण्याआधी गावोगाव चोळून-मळून घेऊन आलेले होते आणि मधले मोलाचे महिने हातचे गेले होते.

क्षयाखेरीज इतर कारणेही आहेत. साठीनंतरच्या बाईची हाडे ठिसूळ झालेली असतात, कर्करोग मणक्यात पसरलेला असू शकतो, आणि कमरेची चकती इतकी बाहेर आलेली असते की लघवीवरचा ताबा सुटू लागतो व जांघेची जागा बधिर होते. अशा माणसाला त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोचवावे लागते. मानेचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतून जातात आणि मानेला दिलेल्या झटक्यानंतर त्या फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. त्या क्वचित घडतात हे खरे, परंतु मान अवघडल्यासारख्या आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी तेवढा धोकाही का पत्करावा, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. संधिवात असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मान कोणाच्याही हाती देऊ नये, मग तो परदेशातून शिकून आलेला असला तरी.

शहरात एकाची नजर चुकली तर दुसरा तज्ज्ञ जवळ असतो. तालुक्याच्या गावी या केंद्रातला माणूसच पुष्कळदा रुग्णाला तपासणारा पहिला आणि शेवटचा ठरतो. म्हणून शिक्षणाचा प्रश्न इथे शहरापेक्षा अधिक कडकपणे विचारला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये या व्यवसायाच्या शिक्षणाची आणि सुरक्षिततेची किमान पातळी सांगितली. वैद्यकाची पार्श्वभूमी नसलेल्याला किमान 4200 तासांचे शिक्षण, आणि त्यात किमान 1000 तास देखरेखीखालील प्रत्यक्ष रुग्णसेवा हवी. आधीच आरोग्यसेवेत असलेल्यालाही किमान 2200 तास सांगितले आहेत. याउलट, शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत ‘कायरोप्रॅक्टिक प्रमाणपत्र’ देण्याच्या जाहिराती समाजमाध्यमांवर सर्रास दिसतात. दोन दिवसांत झटका कसा द्यायचा हे शिकता येत असेलही, पण कोणाला द्यायचा नाही हे तेवढ्यात शिकता येत नाही.

कायद्याचे चित्र विचित्र आहे. ॲलोपॅथीच्या, आयुर्वेदाच्या आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांना परिषदा आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून साडेचार वर्षे शिकून बाहेर पडलेल्या फिजिओथेरपिस्टसाठी महाराष्ट्राने 2002 चा स्वतंत्र परिषद कायदा केला. कायरोप्रॅक्टरसाठी मात्र अशी परिषद नाही आणि नोंदणीपुस्तकही नाही. बोगस डॉक्टर शोधण्यासाठी नेमलेल्या तालुका समितीचा भर औषधे आणि इंजेक्शने देणाऱ्यांवर असतो. जो फक्त हाताने काम करतो, त्याच्याबाबतीत काय करावे हे समितीलाही उमगत नाही. परिणामी चांगला शिकलेला माणूस आणि कार्यशाळेतून आलेला माणूस यांच्या फलकांत कसलाच फरक दिसत नाही, आणि यात पहिल्याचे नुकसान दुसऱ्याहून जास्त होते.

म्हणून शासनाने परिषद होईपर्यंत वाट न पाहता, निदान जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत अशा केंद्रांची यादी करावी आणि काही अटी घालाव्यात. केंद्रचालकाचे शिक्षण, संस्था आणि कालावधी फलकावर मराठीत लिहिलेला असावा. कोणत्याही परिषदेत नोंदणी नसलेल्याने नावामागे ‘डॉ.’ लावू नये. प्रत्येक रुग्णाची लेखी नोंद ठेवावी, तीत ताप, वजनातील घट, रात्रीची वेदना आणि लघवीचा त्रास यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे असावीत, आणि संशयित रुग्ण ग्रामीण रुग्णालयाकडे चिठ्ठीसह पाठवावा. बारा-पंधरा सिटिंगचे पैसे आधी भरून घेणारे पॅकेज बंद व्हावे. उचल घेऊन आलेल्या ऊसतोड मजुराकडून असे पैसे घेणे मला तरी अनैतिक वाटते. आणि या सगळ्याबरोबर ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे पद निर्माण करून ते भरावे, कारण तिथे कोणी नसल्यामुळेच बाहेरची रांग वाढते. परदेशात रीतसर शिकून गावी परतू इच्छिणारा एखादा तरुण या अटींना हरकत घेईल असे मला वाटत नाही. त्याला तर त्यांचा आधारच होईल.

एक विनंती आपल्यालाही आहे. जिल्हा पुरवण्यांत अशा केंद्रांच्या जाहिराती येतात आणि गावाकडचा वाचक छापील मजकुरावर विश्वास ठेवतो. जाहिरात घेताना संबंधिताचे शिक्षण आणि नोंदणी यांचा कागद आपण मागावा आणि ‘सर्व रोगांवर खात्रीशीर उपाय’ असा मजकूर असेल तर जाहिरात परत पाठवावी. आपल्या जाहिरात विभागाचे याविषयी काय धोरण आहे, ते याच स्तंभात वाचायला आवडेल.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी,
जि. सोलापूर