मशीन आलं, पण ड्रॉइंग कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चीनमधल्या चांग्शा शहरात २०२१ साली दहा मजली बिल्डिंग २८ तास ४५ मिनिटांत उभी केली तो व्हिडिओ अजूनही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरत असतो आणि त्याखालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात, की आपल्याकडे पाच-पाच वर्षं का लागतात, बिल्डर चोर, लेबर कामचुकार, इंजिनिअर झोपलेत. मी पुण्यात बांधकाम साइटवर प्लॅनिंग आणि एक्झिक्युशन बघतो, या कामात बरीच वर्षं गेली, म्हणून हे पत्र लिहितोय. त्या व्हिडिओत आपल्याला दिसतं ते नुसतं जोडकाम. भिंती, फरशी, वायरिंग, पाइप सगळं आत बसवलेले मॉड्यूल कारखान्यातून तयार होऊन आलेले होते, साइटवर क्रेनने उचलायचे, बोल्ट मारायचे आणि लाइट-पाणी जोडायचं एवढंच राहिलेलं. कोणती भिंत कुठे आणि कोणता पाइप कुठून हे कारखान्यात पहिला पत्रा कापायच्या आधी ठरलं होतं आणि नंतर कुणी ते बदललं नाही, त्या २८ तासांमागची खरी गोष्ट ही आहे.

चीनला कशाला जायचं, आपल्या नवी मुंबईत बामणडोंगरीला सिडकोने २०२२ मध्ये बारा मजल्यांच्या बिल्डिंगमधले ९६ फ्लॅट ९६ दिवसांत बांधून दाखवले. प्रीकास्ट पद्धत, म्हणजे कॉलम, बीम, भिंत, स्लॅब आधी यार्डात ओतून घ्यायचे आणि नंतर जागेवर उभे करायचे. नागपूर मेट्रोने फाइव्ह डी बिम वापरलं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च दोन्ही जोडलेले. म्हणजे टेक्नॉलॉजी आपल्याकडे आली नाही असं अजिबात नाही, माणसंही आपलीच आहेत. मग बाकीच्या शेकडो साइट तशाच का रखडतात, हा प्रश्न मला रोज पडतो आणि त्याचं उत्तरही मला रोज साइटवरच दिसतं.

मायवानचंच घ्या. वाकड, पनवेल, ठाणे कुठेही बघा, मोठ्या टॉवरला ॲल्युमिनियमची शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागलेली दिसेल, कंपनी कुठलीही असो साइटवर सगळे तिला मायवानच म्हणतात. भिंत आणि स्लॅब एकदमच ओतायचे, हात बसला की सात-आठ दिवसांत एक मजला, तेच प्लायच्या सेंट्रिंगला पंधरा-वीस दिवस लागतात. प्लाय आठ-दहा वेळा वापरला की फेकायचा, ॲल्युमिनियमचे पॅनेल शंभराच्या वर वेळा चालतात. वीटकाम जवळपास नाही, जाड गिलावा नाही. पण या पद्धतीची एक अट आहे आणि ती कुणीच मनावर घेत नाही. भिंतच आरसीसीची असल्यामुळे लाइटचे पाइप, स्विचबोर्डचे बॉक्स, बाथरूममधली पाइपची भोकं, एसीच्या पाण्याची लाइन हे सगळं काँक्रीट पडायच्या आधी सळईला बांधून तयार पाहिजे. म्हणजे इलेक्ट्रिकलचं, प्लंबिंगचं आणि फर्निचरचंसुद्धा ड्रॉइंग पहिल्या स्लॅबच्या आधी फायनल पाहिजे.

प्रत्यक्षात काय होतं, तर शटरिंगचे पैसे भरले जातात, पॅनेल साइटवर उतरतात आणि ड्रॉइंग बदलून बदलून येतच राहतं, रिव्हिजन एक, दोन, तीन, साइटच्या भाषेत आर वन, आर टू, आर थ्री. बाराव्या मजल्याचं काम चालू असताना सेल्सकडून निरोप येतो की खालच्या मजल्यावरच्या कस्टमरला ओटा दुसऱ्या भिंतीला हवाय, वॉटर प्युरिफायरचा पॉइंट सरकवायचाय. मग ब्रेकर लावून आरसीसी भिंतीत झिऱ्या मारायच्या. एक माणूस ब्रेकर धरून, धुळीत समोरचं दिसत नाही, सळई उघडी पडते, तिचं टोक कधी कापलं जातं तर कधी वाकवून ढकललं जातं. दुसरा मलबा घमेल्याने गोणीत भरून हॉइस्टने खाली नेतो, तिसरा पाइप टाकतो, चौथा ग्राउट, म्हणजे फट बुजवायचा सिमेंटचा पातळ माल, भरतो, पाचवा परत पुट्टी मारतो आणि पेंटरचा पहिला हात झालेला असेल तर तोही वाया. पाच माणसांची मजुरी गेली आणि बिल्डिंग एक इंचही पुढे सरकली नाही. आणि संध्याकाळी डेली रिपोर्टमध्ये ही पाचही माणसं "कामावर हजर" म्हणून दिसतात, त्यामुळे वरच्या ऑफिसला वाटतं लेबर भरपूर आहे तरी काम का होत नाही, लेबरच आळशी दिसतंय.

लेबर आळशी नाहीये साहेब. स्लॅबच्या दिवशी एकदा साइटवर येऊन बसा. सकाळी आठला पूर्ण गँग तयार, पंप लागलेला, व्हायब्रेटर तपासलेले. कन्सल्टंट सळई चेक करायला दहाला येणार असतात ते दीडला येतात, चेकिंगमध्ये दोन ठिकाणी कव्हर ब्लॉक (सळई साच्याला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे ठोकळे) कमी निघतात आणि एका बीमच्या लिंक्सचं, म्हणजे सळयांभोवतीच्या कड्यांचं, अंतर चुकलेलं असतं, ते दुरुस्त होईपर्यंत तीन वाजतात. तेवढ्यात आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लँटचा फोन, की संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जड गाड्यांना शहरात बंदी आहे, आता गाड्या रात्रीच निघतील. आरएमसीच्या आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे गाडी भरल्यापासून दोन तासांच्या आत काँक्रीट उतरवायचं असतं, आणि ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीत पाणी मारून ते पातळ करायचा मोह कुठेतरी होतोच, मग क्यूब टेस्ट (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद बघायची चाचणी) फेल झाली की परत सगळे एकमेकांकडे बघतात. त्या दिवशी माणसं सकाळी आठपासून रात्री दोनपर्यंत साइटवर होती, त्यातलं काम किती तास झालं ते तुम्हीच ठरवा. चेकिंग आदल्या दिवशी संध्याकाळी करून घेतलं असतं तर हा सगळा प्रकार टळला असता, आणि त्यासाठी कुठलंही नवीन मशीन घ्यावं लागत नाही.

मला सगळ्यात जास्त पटलेलं उदाहरण आपल्या विदर्भातलं आहे. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज रेकॉर्ड झाला, काम पुण्याच्याच राजपथ इन्फ्राकॉनने केलं. त्याआधीचा रेकॉर्ड कतारमधल्या दोह्याचा, साधारण २५ किलोमीटर आणि तेही दहा दिवसांत. आता पेव्हर (डांबराचा थर पसरणारं मशीन), हॉटमिक्स प्लँट, रोलर, हायवा (माल वाहणारा डंपर) ही मशीन तर आपल्याकडे प्रत्येक हायवेच्या कामावर असतात. पेव्हर एकदाही थांबू द्यायचा नसेल तर खडी आधीच साठवलेली पाहिजे, प्लँटमधून निघालेला माल गार व्हायच्या आत पोचला पाहिजे, पुढची हायवा रांगेत उभी पाहिजे, माणसांच्या शिफ्ट ठरलेल्या पाहिजेत, बंद पडणाऱ्या मशीनचा पर्याय हाताशी पाहिजे. शेकडो माणसं तिथे रात्रंदिवस राबली, पण त्यांच्यावर माल नाही म्हणून सावलीत बसून राहायची वेळ येऊ दिली नाही याला मी खरं श्रेय देतो. रोजच्या कामात रेकॉर्ड करायची काही गरज नाही, पण ही तयारी रोजच्या कामात का नसावी?

अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या दोघांनी नव्वदच्या दशकात साइटवर जाऊन मोजलं तेव्हा दिसलं, की आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी साधारण निम्मीच कामं त्या आठवड्यात पूर्ण होतात. त्यावरून त्यांनी जी पद्धत बसवली तिला लास्ट प्लॅनर म्हणतात. आम्ही ती आमच्या पद्धतीने साइटवर करतो, शनिवारी संध्याकाळी सेंट्रिंगचा, सळईचा, लाइटचा, प्लंबिंगचा असे सगळे मुकादम एकत्र बसवायचे आणि पुढच्या आठवड्याचं काम त्यांच्याच तोंडून घ्यायचं. ऑफिसने ठरवलेली तारीख त्यांच्यावर लादायची नाही. ज्या कामाचं ड्रॉइंग, माल, माणूस आणि जागा चारही तयार आहेत तेवढंच बोर्डवर लिहायचं, एक जरी नसेल तर ते काम लिहायचं नाही, ती अडचण कोण सोडवणार त्याचं नाव लिहायचं. पुढच्या शनिवारी काय झालं नाही आणि का झालं नाही ते सगळ्यांसमोर बोलायचं. सुरुवातीला मुकादम लोक गप्प बसायचे, साहेबांसमोर कोण बोलणार, पण एकदा सळईचा मुकादम म्हणाला, "साहेब, टाइल्सची गाडी तुम्ही माझ्या कटिंगच्या जागेवर रिकामी करताय, मी सळई कापू कुठं?" आणि तिथून पुढे बोलायला लागले. कारणांची यादी बघितली तर माल आला नाही, ड्रॉइंग आलं नाही, आधीच्या माणसाने जागा मोकळी केली नाही हीच कारणं परत परत येतात. माणूस आलाच नाही हे कारण येतं ते होळी, दिवाळी आणि छठला, आणि ती तारीख तर कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेली असते!

मोबाइल ॲपबद्दल एकच सांगतो. फोटो, हजेरी, चेकलिस्ट सगळं ॲपवर घ्या, चांगलंच आहे, वहीपेक्षा कितीतरी बरं. पण ॲपमध्ये भरलेलं परत एक्सेलमध्ये आणि एक्सेलमधलं परत व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवायचं असेल तर ज्युनिअर इंजिनिअरचा अर्धा दिवस त्यातच जातो आणि स्लॅबवर कुणी नसतं.

आणि फास्ट काम म्हणजे सपोर्ट लवकर काढणं नव्हे, हेही इथेच लिहितो कारण काही लोक तोच अर्थ घेतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या स्पॅनचे चौदा दिवस ठेवायचे असं आयएस ४५६ मध्ये साधारण सिमेंटसाठी लिहिलेलं आहे, मायवानमध्येही पॅनेल काढले तरी टेकू तसेच राहतात. क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचे, दिवस वाचवून वेग वाढत नाही, त्याची किंमत नंतर गळतीने आणि तड्यांनी राहणारे लोक भरतात.

आता सरकारकडे. एक, टॅक्सचा विचार करा. १ एप्रिल २०१९ पासून चालू बांधकामातल्या घरांवर जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घरांना १ टक्का, पण बिल्डरला इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे मालावर भरलेला टॅक्स वजा करून मिळत नाही. म्हणजे कारखान्यातून तयार भिंत आणली तर तिच्यावरचा टॅक्स खर्चात जातो, आणि तीच भिंत साइटवर नाक्यावरच्या मजुराकडून ओतून घेतली तर मजुरीवर टॅक्स पडत नाही. मग प्रीकास्टकडे कोण वळणार? सिडको मोठी संस्था आहे, हजारो घरं एकदम बांधते, तिला परवडतं. पन्नास फ्लॅटवाल्या बिल्डरला नाही परवडत. म्हाडा, सिडको आणि महापालिकांनी निदान आपापल्या घरांसाठी बाथरूमचं माप, दरवाजा-खिडकीची मापं, जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या ठरवल्या तर तेच साचे सगळीकडे चालतील आणि छोट्या यार्डांनाही काम मिळेल.

दोन, टेंडर. रस्ता असो की पूल, ड्रॉइंग अर्धवट असताना टेंडर काढायचं, सगळ्यात कमी रेटवाल्याला द्यायचं, भूमिपूजन करायचं आणि मग खोदल्यावर कळतं की खाली पाण्याची मेन लाइन आणि दोन केबल आहेत. मग शिफ्टिंगची पत्रापत्री, तोपर्यंत मशीन भाड्याने उभं आणि लोक ट्रॅफिकमध्ये उभे. जमिनीखालचं रडारने आधी तपासता येतं, ते तंत्र महाग राहिलेलं नाही, वर्क ऑर्डरच्या आधी ते सक्तीचं करा. आणि ठेकेदाराचं बिल वेळेत द्या, कारण बिल अडकलं की पहिल्यांदा बिगाऱ्याची मजुरी अडकते आणि मग तो दुसऱ्या साइटवर जातो, नव्या माणसाला परत पहिल्यापासून शिकवा.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, शिकवणं. शेतीनंतर सगळ्यात जास्त लोकांना पोट भरायला लावणारा हा धंदा, आणि यातला बहुतेक गवंडी दुसऱ्या गवंड्याच्या हाताखाली बघून बघून शिकलेला असतो. ॲल्युमिनियमच्या शटरिंगला पिना कशा मारायच्या, पॅनेलला तेल किती लावायचं, ग्राउट कसं कालवायचं हे त्याला कुणी बसवून शिकवत नाही. ट्रेनिंग सेंटर आहेत, पण रोजाचा माणूस दिवसाची मजुरी सोडून तिथे जाणार कसा? १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी गोळा होतो, तो पैसा नीट वापरला जात नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सरकारांना चांगलंच सुनावलं होतं. त्यातून ट्रेनिंगच्या दिवसांची पूर्ण मजुरी द्या आणि ट्रेनिंग साइटवरच घ्या. भांडी-पेट्या वाटण्यापेक्षा त्या माणसाची दिवसाची मजुरी वाढेल असं काहीतरी द्या, कुशल माणसाचा आणि बिगाऱ्याचा रोज यात किती फरक असतो ते कुठल्याही नाक्यावर विचारा.

घर घेणाऱ्यांनाही एक विनंती आहे. महारेराच्या वेबसाइटवर बिल्डरला दर तीन महिन्यांनी प्रगती भरावी लागते ती बघत जा, आणि बुकिंग करताना स्विमिंग पूल आणि क्लब हाउस विचारता तसं हेही विचारा, की माझ्या फ्लॅटचं लाइटचं आणि प्लंबिंगचं ड्रॉइंग फायनल झालंय का, आणि मला काही बदल हवा असेल तर माझ्या मजल्याचा स्लॅब पडायच्या किती दिवस आधी सांगायचा. ते उत्तर लेखी घ्या आणि ती तारीख गेल्यावर ओटा सरकवायचा आग्रह धरू नका.

आपला,
एक साइट इंजिनिअर, पुणे