सायक्लोहेक्झेन आणि फोनचा पडदा

पणजी, गोवा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

जूनपासून तुला पत्र नाही, तेव्हा तू रागावला असशील. इकडे सर्व कुशल आहे. वर्गात घडलेली एक गोष्ट तुझ्याखेरीज कुणाला कळेल असे वाटत नाही, म्हणून लिहितो.

सायक्लोहेक्झेन, म्हणजे सहा कार्बनांचे कडे असलेला रेणू, शिकवायला यंदा आम्ही ऑगमेंटेड रिॲलिटी घेतली. टेबलावर छापील कार्ड ठेवायचे. फोनचा कॅमेरा त्यावरची खूण ओळखतो, कार्ड किती तिरके आहे ते ताडतो आणि पडद्यावर त्याच जागी रेणू उभा करतो. हे कडे सपाट नसते, खुर्चीसारखे मुडपलेले असते. फळ्यावर काढलेली ती खुर्ची जिला कधीच खुर्ची दिसली नव्हती, अशी सत्तरी तालुक्यातली एक विद्यार्थिनी टेबलाभोवती वाकून फिरली आणि ॲक्सियल, म्हणजे कड्याला उभे जोडलेले, हायड्रोजन एकाआड एक वर-खाली असल्याचे तिने शेजारणीला बोटाने दाखवले. झाक्से या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कड्याचे हे आकार १८९० मध्येच मांडले होते, पण त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांच्या ते डोळ्यांपुढे उभे राहिले नाहीत. हासेल आणि बार्टन या रसायनशास्त्रज्ञांना १९६९ चे नोबेल मिळाले ते याच विषयातल्या कामासाठी. त्या मुलीला ते एका तासात दिसले, याचा मला मनापासून आनंद झाला.

मग फोन बाजूला ठेवून मी एका कार्बनला मिथाइल गट (CH₃) जोडलेले कडे, खुर्ची उलटी मुडपल्यावर कसे दिसेल, ते कागदावर काढायला सांगितले. तिने ॲक्सियल गटाचा इक्वेटोरियल, म्हणजे कड्याच्या कडेने बाहेर जाणारा, बरोबर केला, पण वरचा गट खाली नेला (कडे उलटले तरी वरचा गट वरच राहतो), आणि बहुतेकांचे तसेच झाले. तेव्हापासून मला हाच घोर लागला आहे की डोळ्यांना दिसलेले हाताला का उमजू नये. माझ्या मते उत्तर आधी दिसले आणि प्रश्न मागून आला. म्हणून पुढच्या तासाला आधी कागदावर अंदाज आणि मगच फोन असा क्रम लावला. चित्र आणि अंदाज जुळेनात तेव्हा मुले एकमेकांशी अशी भांडली, की ताळगावच्या पठारावरचे आपले दिवस आठवले. तू चेंडू-काड्यांच्या मॉडेलची बाजू घ्यायचास, मी पेन्सिलीची, आणि वाद रंगात आला की माझा चहा तू पिऊन टाकायचास!

आता ती मॉडेले अडगळीत टाकावीत असे विभागात काहींचे म्हणणे आहे आणि मला ते मुळीच मान्य नाही. कडे उलटताना काड्या वाकतात, अडतात, आणि मधल्या अवस्थेला ऊर्जा का लागते ते बोटांना कळते. पडद्यावरचे कडे मात्र विनासायास उलटते.

तुझी वेर्ण्याला बदली झाल्याचे समजले, बरे झाले. वहिनींना नमस्कार. चवथीला येशील तेव्हा तुझ्याकडचा मॉडेलचा डबा घेऊन ये. पुढच्या सत्रात मला प्रत्येक टेबलावर कार्डाशेजारी एक संच हवा आहे.

तुझाच