‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी रोज नव्हे

महोदय,

६०,००० युनिटची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडेच देतात. ‘ताकदीची’ म्हणून ती रोज दुधात घालून घेणारे आहेत, तेही चिठ्ठीशिवाय.

उन्हातून या जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. त्वचेत जादा तयार झालेले पूर्वद्रव्य ऊनच निरुपयोगी रूपांत बदलून टाकते. पोटातून गेलेल्या डोसला ही चाळणी नाही. यकृत त्याचे साठ्याचे रूप बनवते, मूत्रपिंड त्यातले गरजेपुरतेच सक्रिय करते. पण साठाच बेसुमार वाढला की हे नियंत्रणही कोलमडते. रक्तातले कॅल्शियम चढते. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी लघवी, पुढे मूत्रपिंडाला इजा. चरबीत मुरलेला साठा पुडी बंद केल्यावरही महिनोन्महिने रेंगाळतो.

पावसाळा सोडला तर कोकणात उन्हाला काय तोटा? फक्त ते दुपारच्या आसपासचे, उघड्या हातापायांवर थोडा वेळ पडलेले हवे. खिडकीच्या काचेआडचे कुचकामी. तारली-बांगड्यातूनही थोडेफार मिळते. डॉक्टरांनी पुडी दिलीच, तर ती जेवणानंतर घ्यावी. स्निग्धांशासोबत ती नीट शोषली जाते.

– एक औषधविक्रेता, देवगड