सायकलवाल्या चाचांना, मनापासून

चाचा, तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे माहीत आहे, पण तुमचा पोरगा वाचून दाखवील म्हणून लिहितो. कालपासून राहवतच नाही आहे.

आबाजीची रॅले कंपनीची सायकल घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा मी पार वैतागलेलो होतो. आमच्या गावातला भंगारवाला म्हणे काट्यावर ठेवा, लोखंडाचा भाव देतो. मग शहरातल्या एका जुन्या वस्तूवाल्याला फोटो पाठवले तर फोनवर 'इंग्रजाच्या काळातली आहे, 1930 ची, लाखात जाते', अन् टेम्पोत टाकून नेली तर तोच म्हणे रंग दुसरा मारलाय, दोन हजार घे अन् सोडून जा. अरे बाप्पा, सायकल तर तीच होती! वरून त्याच्या पोऱ्यानं ती सिमेंटवर धाडकन उलटी केली, सीटचं चामडं खरवडलं, कोणाला त्याचं काही नाही.

अन् तुम्ही चाक फिरवून पाहायचं म्हणून आधी खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी करून खाली टाकला अन् त्यावर ती ब्रूक्स कंपनीची चामड्याची सीट हळूच टेकवली. "हे चमडं फाटलं तं मंग भेटत नाही बेटा." इतकंच बोलले अन् कामाला लागले. पांढरा दुपट्टा होता चाचा, पार तेलकट झाला. आबाजी गेल्यापासून त्या सायकलीला कोणी असा हात लावला नव्हता, खरं सांगतो.

मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गिअरच्या डब्यावर, रॉकेलचा बोळा फिरवल्यावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव स्टर्मी-आर्चर, मॉडेल एडब्ल्यू अन् बाजूला 51 8 दिसलं, म्हणजे 1951 चा ऑगस्ट. मी खूश! तर तुम्ही म्हटलं थांब, हे हबचं वय झालं, सायकलीचं नाही, चाक मागून बदललेलं असू शकते. नुसत्या रॅले नावावर पण जाऊ नको, आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यात पण बनायच्या, तुझ्या पुढच्या बिल्ल्यावर नॉटिंगहॅम इंग्लंड आहे ते बरं आहे. मागचं मडगार्ड देशी, पुढची रिम बदललेली, रंग घरी मारलेला, तं लाख-बिख विसर. पण हब अन् सीटच एखादा शौकीन मागून नेईल, भंगारात टाकू नको, अन् घासून चमकवू तर अजिबात नको.

तुम्ही भाव पाडून मागितली असती तर मी देऊन टाकली असती, इतका कंटाळलो होतो. कापसाच्या गाडीत हात घालून ओल आहे म्हणत भाव पाडणारे लहानपणापासून पाहिले, त्यामुळे स्वतःचा फायदा सोडून खरं सांगणारा माणूस भेटला की आधी तर विश्वासच बसत नाही. असे लोक आहेत अजून, फक्त त्यांच्या दुकानावर मोठा बोर्ड नसते.

पैसे तर घेतलेच नाही, वरून चहा पाजला. तूर निघाली की डाळ घेऊन येतो, तेव्हा ब्रेकचे रबर पण टाकून द्या. अन् डाळ घ्यायला नाही म्हटलं तर सायकल तुमच्याच दारात लावून एसटीनं घरी जाईन, सांगून ठेवतो.