चि. अनिकेतला, संडासातल्या फ्लशच्या टाकीच्या आवाजाविषयी

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

काल "मग तुम्हीच या नागपूरला आणि करा दुरुस्त" असं म्हणून तू फोन ठेवलास. मला राग आलेला नाही. आई म्हणाली, तुम्ही बोलायला गेलात की आवाज चढतो, त्यापेक्षा लिहून पाठवा. म्हणून लिहायला बसलो.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी कानाला लावून नीट ऐकलं. आधी बारीक शिट्टी, मग सूंऽऽ असा आवाज, थोडा वेळ शांत, आणि पुन्हा तेच. ते आलं होतं पहाटे 2 वाजून 40 मिनिटांनी. त्याबद्दल मी काही बोलणार नाही असं आईला कबूल केलं आहे.

आता टाकीचं बघ. कोणी फ्लश केलेलं नसताना ती सारखी भरून राहिली आहे, म्हणजे आतलं पाणी कुठेतरी जात आहे. तळाशी रबराचा वॉशर असतो. तो कडक झाला, किंवा त्याच्याखाली पाण्यातल्या क्षारांची खर साचली, की पाणी भांड्यात झिरपत राहतं. पातळी थोडी उतरली की वरचा बॉलकॉक, म्हणजे फ्लोटवर चालणारा भरणीचा नळ, जरासा उघडतो. पूर्ण उघडलेला बॉलकॉक धो धो भरून मोकळा होतो. अर्धवट उघडलेला असला की चिंचोळ्या फटीतून पाणी जाताना शिट्टी वाजते. आवाज वरून येत असला तरी बिघाड बहुतेक खाली आहे. प्लंबर बोलावलास तर तो आधी बॉलकॉक बदलेल, पैसे घेईल, चार दिवस बरं वाटेल आणि परत तेच.

खात्री करायची तर टाकीत निळीचे थोडे थेंब टाक आणि अर्धा तास फ्लश करू नको. भांड्यात निळं पाणी उतरलं तर वॉशरच गेला आहे. ही परीक्षा संध्याकाळी कर, रात्री नको. रात्री झोप.

दुसरी शक्यता ओव्हरफ्लोची. टाकीच्या मधे उभी नळी आहे, पाणी तिच्या तोंडापासून इंचभर खाली थांबायला हवं. तोंडापर्यंत चढून आत पडत असेल तर फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी उतरव. एवढ्यानेही कधी कधी काम होतं.

वॉशर बदलायचा तर भिंतीजवळचा अँगल कॉक बंद कर, फ्लश करून टाकी रिकामी कर, मग मधला खांब थोडा फिरवून उचल, खालीच वॉशर दिसेल. तो ज्यावर बसतो त्या कडेवरून बोट फिरव. खरखरीत लागलं तर ती आपल्या बोअरची मेहरबानी. पेंच धरणाचं पाणी गोरेवाड्याहून शुद्ध होऊन येतं, त्याने एवढी खर धरत नाही. पण आपण नळ गेला की बोअर सुरू करतो, आणि त्या पाण्याचा पांढरा थर तुझ्या आईच्या तव्यावरसुद्धा बसतो. कोमट पाण्यात लिंबाचं सत्त्व घालून फडक्याने पूस. संडासाचं ॲसिड अजिबात वापरू नको, रबर खातं. बॉलकॉकच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तीही काढून धू. प्लॅस्टिकचा नट हातानेच आवळ, पान्हा लावून जोर केलास की चिरतो.

हे तुला जमणार नाही असं मला एक क्षणही वाटलं नाही. गेल्या उन्हाळ्यात कूलरचा फ्लोट तूच बदललास, मी नुसता बाजूला उभा होतो. टाकीचा बॉलकॉक त्याच जातीचा. उन्हाळा असता तर तुला हा आवाज आलाच नसता, कूलरच्या घरघरीत सगळं बुडून जातं. आता थंडीत घर शांत असतं. आणि शांत घरात माणूस एकटा पडून राहिला की नको ते ऐकू येतं. दिवाळीनंतर ते सगळं झालं तेव्हापासून तू झोपत नाहीस, हे ताईलाही कळलं आहे. मी तिला काही सांगितलेलं नाही.

बघ, लिहायचं नव्हतं आणि लिहिलं.

मोतीबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आपल्याकडे लोखंडी टाकी होती, छताजवळ, साखळीवाली. तुला ती आठवते का ठाऊक नाही. साखळी ओढली की ती अशी गर्जायची की तू दोन्ही कान झाकून बाहेर पळायचास, चड्डी हातात. मग मी दाराबाहेर उभा राहायचो आणि तू आतून सारखा विचारायचास, "बाबा, आहात ना?" वर्कशॉपमधून दमून आलेलो असायचो, पण हलायचो नाही. मग एका रविवारी मी ती टाकी उघडली आणि तुला स्टुलावर चढवून आतला सायफन दाखवला. त्या दिवसानंतर तू एकटा जायला लागलास. नॅरोगेजच्या छोट्या गाडीच्या इंजिनांवर काम करण्यात जन्म गेला माझा, 2019 मध्ये नागभीडची गाडी बंद झाली तेव्हा रडलो होतो, पण टाकीत वाकून बघणारं तुझं ते तोंड त्या सगळ्या इंजिनांपेक्षा जास्त आठवतं.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी तू सगळी रात्र बाहेरच्या बाकावर बसून काढलीस आणि सकाळी मलाच चहा आणून दिलास. असा मुलगा माझा आहे हे मी मिहानमधल्या तुझ्या साहेबालाही सांगेन. म्हणूनच म्हणतो, जे झालं त्यात तुझं काही चुकलेलं नाही. मोबाइल उशाशी ठेवू नको. रात्री नऊनंतर चहा बंद. जेवण वेळेवर. सकाळी उन्हात जा, फुटाळा तलावाला एक चक्कर मार, अंग थकलं की झोप आपोआप लागते. तुझ्या वयात मी…

राहू दे. तुझ्या वयात मी काय होतो त्याचा तुला उपयोग नाही. रागावू नको. लांब बसून माणसाला दुसरं काही करता येत नाही, म्हणून तोंड चालतं.

इथे ताई बरी आहे. बाळ पहाटे अडीच-तीनला उठतं आणि दूध पिऊनही झोपत नाही, तेव्हा ताईला पडू देऊन मी त्याला मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसतो. म्हणजे त्या वेळी मी जागाच असतो. तुला जाग आली तर रेकॉर्डिंग नको, सरळ फोन कर. टाकीवरच बोलू. दुसरं काही विचारणार नाही, हे मनापासून सांगतो.

तुझा,
बाबा

ता. क. तुकडोजी चौकात हार्डवेअरवाल्याकडे जाशील तेव्हा जुना वॉशर सोबत ने, आकार वेगवेगळे असतात. नवा बसवेपर्यंत रात्री अँगल कॉक बंद करून ठेव, म्हणजे आवाज येणार नाही आणि गच्चीवरची टाकीही रिकामी होणार नाही. आईने विचारलं आहे, पुडाची वडी पाठवली होती ती खाल्लीस की तशीच आहे?