गॅस सोडला म्हणजे झालं नाही, तो झाडापर्यंत पोचला पाहिजे

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

फिशटँकमध्ये जिवंत झाडं लावायची हौस आता आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यांतही येऊन पोचली. अर्जुनी मोरगाव साइडला पोरं मोबाईलवर व्हिडिओ पाहून टाक्या लावून राहिले, कोणी साखर-यीस्टच्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड सोडते, कोणी शहरातून सिलेंडर भरून आणते, दुकानदार डिफ्युझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारी डिस्क) विकून मोकळा होते आणि पेपरात कधीमधी काही आलंच तर "गॅस द्या, झाडं वाढतील" एवढंच. गॅस देणं सोपं आहे हो, तो टाकीभर पसरवणं हेच खरं काम आहे आणि त्यावर कोणी बोलतच नाही, म्हणून हे पत्र.

कार्बन डायऑक्साइड थांबलेल्या पाण्यात आपोआप पसरते तो हवेपेक्षा जवळपास 10 हजार पट हळू. त्यात प्रत्येक पानाला न हलणाऱ्या पाण्याचा एक पातळ थर चिकटलेला असते, त्यातून गॅस पार व्हायलाच वेळ लागते, पाणी फिरतं राहिलं तर हा थर अजून पातळ होते आणि पानाला गॅस लवकर भेटते. नुसता एका कोपऱ्यात डिफ्युझर लावून ठेवला तर धानाच्या पहिल्या बांधीत पाणी तुंबलं अन् टोकाची बांधी कोरडी, असं होते.

टाकीसमोर थोडा वेळ बसून पाहा. डिस्कवरून बारीक बुडबुडे निघतात, सरळ वर जातात आणि फुटतात, म्हणजे तेवढा गॅस हवेत गेला, पैसे गेले. तोच डिफ्युझर तळाशी, फिल्टरच्या धारेखाली सरकवा, मग पाहा, धार बुडबुड्यांना धरून पुढे ढकलते, समोरच्या काचेवरून ते खाली उतरतात, तळाच्या बारीक झाडांत शिरतात, काही तर पानाच्या पाठीला चिकटून बसतात, जितका जास्त वेळ पाण्यात राहतील तितका गॅस जास्त विरघळते. मागच्या काचेला लांबीभर स्प्रे बार, म्हणजे फिल्टरचं पाणी सोडणारी भोकांची नळी, लावून भोकं समोर केली तर अजूनच छान. टाकी 100 लिटरची असेल तर तासाला 1000 लिटर फिरवणारा पंप असावा असा हौशी लोकांचा ठोकताळा आहे, पण मी म्हणतो आकड्यापेक्षा पानं पाहा. प्रत्येक झाडाचं पान जराजरा हललं पाहिजे. जिथे हलत नाही तिथे गॅस पोचत नाही आणि पानांच्या कडेला काळं केसाळ शेवाळ बहुतेक तिथेच पहिले दिसते.

ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यात गॅस किती आहे ते रंगावरून दाखवणारी छोटी काचेची कुपी, लोक काहून डिफ्युझरच्या वरच चिकटवतात कळत नाही. तिथे तो हिरवाच दिसणार ना! त्याला सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात लावा. निळा म्हणजे गॅस कमी, हिरवा म्हणजे लिटरमागे साधारण 30 मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे जास्त, मासे धोक्यात. त्यात बोरचं किंवा टाकीचं पाणी भरू नये, 4 डीकेएचचं (डीकेएच म्हणजे पाण्याचा कार्बोनेट जडपणा मोजायचं माप) तयार पाणीच भरावं, आणि रंग बदलायला तास-दोन तास लागतात हे ध्यानात ठेवावं. गॅस लाइटच्या तास-दोन तास आधी चालू, लाइट बंद व्हायच्या तासभर आधी बंद.

आता आमच्या भागाची खरी अडचण, लाईन. कधी जाईल काही नेम नाही. लाईन गेली की पंप बंद, पाणी थांबलं, वरचा थर हलणं बंद, पण यीस्टची बाटली गॅस सोडतच राहते, आणि रात्र असेल तर झाडंसुद्धा ऑक्सिजनच घेतात, मग सकाळी मासे वर तोंड करून हापसतात नाहीतर मेलेले सापडतात. लहान पोरांची टाकी असते हो, रडतात बिचारे. सिलेंडरवाल्यांनी लाईन गेली की बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे गॅसची विजेवर चालणारी तोटी, घ्यावा आणि तो पंपाच्याच बोर्डावर लावावा. इन्व्हर्टर असेल तर फक्त पंप इन्व्हर्टरवर घ्या, सोलेनॉइड इन्व्हर्टरवर अजिबात नको. यीस्टवाल्यांनी रात्री नळी पाण्यातून काढून ठेवावी, पण नळीला गाठ मारू नये, बाटली फुटते.

मे महिन्यात तर अजून जपून. 20 डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावते, 30 डिग्रीला साडेसातच, आणि आपल्याकडे दुपारी टाकी त्याच्याही वर जाते. त्या दिवसांत गॅस कमी करा, पाण्याचा वरचा थर जास्त हलवा.

ज्यांना हे सगळं परवडत नाही त्यांनी मन छोटं करू नये. मामा (माजी मालगुजारी) तलावातली हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया ही पाणझाडं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात, आणि बोरच्या जड पाण्यात ते भरपूर असते, गॅसशिवाय छान वाढतात. तलावातून आणलेली झाडं धुऊन, काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवून मगच टाकीत लावावी.

साहेब, पुरवणीत यावर पुन्हा काही छापाल तर एवढी विनंती आहे, जागा नसेल तर माझं बाकी सगळं कापा, पण पंप बंद पडला की गॅसही बंद झाला पाहिजे ही ओळ मोठ्या अक्षरात छापा.

आपला नियमित वाचक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया